पेनड्राइव्ह दिसंना!

झरी हे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं मोठं गाव, महसूल मंडळाचं ठिकाण. मोबाइलवर नेट आलं तरी अशा गावांतून फाइली अजून शर्टाच्या खिशात बसून प्रवास करतात. फ्लेक्सचं डिझाइन, लग्नपत्रिका, शाळेची निकालपत्रकं, ट्रॅक्टरच्या टेपवर लावायची गाणी, सगळं पेनड्राइव्हवर. मग झेरॉक्सच्या नाहीतर सेवा केंद्राच्या काउंटरवर कधी ना कधी हे वाक्य येतंच : "भाऊ, ह्यात काहीच दिसंना, बघा बरं." त्यावरचं उत्तरही ठरलेलं : "फॉरमॅट मारावा लागंल."

हे उत्तर बहुतेक वेळा घाईचं असतं.

तोच पेनड्राइव्ह नुसत्या कमांडवर चालणाऱ्या लिनक्सच्या जुन्या संगणकाला लावला, तर पडद्यावर काहीच होत नाही. ना आवाज, ना चौकट. कर्सर आपला लुकलुकत राहतो. नवखा ऑपरेटर इथंच हात टेकतो. आत मात्र बरंच काही घडून गेलेलं असतं. विचारल्याशिवाय संगणक ते सांगत नाही, इतकंच.

पहिली विचारणा 'डीमेसेज' या कमांडने. ही कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, रोजनिशी. पेनड्राइव्ह कोणत्या वेगाने जोडला गेला, त्याची क्षमता किती, त्याला 'एसडीबी' नाव मिळालं की 'एसडीसी', हे सगळं शेवटच्या पाचदहा ओळींत सापडतं. दुसरी कमांड 'एलएसयूएसबी'. प्रत्येक यूएसबी वस्तू स्वतःचा बनवणारा आणि मॉडेल आकड्यांत सांगते; सँडिस्कचा आकडा ०७८१, किंग्स्टनचा ०९५१. १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक आलं तेव्हापासूनची ही रीत आहे. वस्तूने आधी आपली ओळख द्यायची, मगच संगणकाने तिच्यासाठी ड्रायव्हर शोधायचा.

दोष कुठे आहे ते इथेच कळायला लागतं. रोजनिशीत एकही ओळ उमटली नाही, तर पोर्ट किंवा पेनड्राइव्हचं टोक गेलेलं. ओळ आली पण सोबत उणे ७१ किंवा उणे ११० असा त्रुटीचा आकडा असेल, तर बोलणं सुरू होऊन अर्ध्यात तुटलंय. अशा वेळी सीपीयूच्या पुढच्या पोर्टातून काढून मागच्या पोर्टात लावून पाहावं. पुढचे पोर्ट आत वायरीने मदरबोर्डाला जोडलेले असतात. वायर सैल झाली, धूळ बसली, की तक्रार सुरू. यूएसबी २.० च्या पोर्टातून ५०० मिलीअँपिअर वीज मिळते. पेनड्राइव्हला ती पुरून उरते, बाहेरच्या हार्ड डिस्कला कधीकधी अपुरी पडते.

ओळख पटली तरी फाइली लगेच दिसत नाहीत. लिनक्समध्ये ड्राइव्हला विंडोजसारखं अक्षर मिळत नाही. तो एखाद्या रिकाम्या फोल्डरवर 'माउंट' करावा लागतो. आधी 'एलएसबीएलके' कमांडने डिस्कची यादी पाहायची. 'एसडीए' ही बहुधा संगणकाची स्वतःची हार्ड डिस्क, 'एसडीबी' हा पाहुणा आणि 'एसडीबी१' हा त्याचा पहिला भाग. हे नाव दोनदा वाचावं. 'बी'च्या जागी 'ए' टाइप करून फॉरमॅटची कमांड चालवली, तर दुकानाचा सगळा हिशेब पुसला जातो. बहुतेक कमांडा "नक्की का?" असं विचारत बसत नाहीत.

ट्रॅक्टरच्या टेपसाठीचा पेनड्राइव्ह बहुधा 'फॅट३२' पद्धतीचा असतो, कारण बरेच टेप तेवढंच वाचतात. या पद्धतीत ४ जीबीची फाइल मावत नाही, म्हणून लग्नाचं लांबलचक शूटिंग कॉपी होताना मध्येच अडतं. 'एक्सफॅट' पद्धतीत ती अडचण नाही. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तिचा धड ड्रायव्हर यायला मात्र २०२० उजाडलं. फॅटमध्ये फाइलीचा मालक नोंदवलेला नसतो. त्यामुळे माउंट करतानाच वापरकर्त्याचा क्रमांक दिला नाही, तर फाइली वाचता येतात, पण लिहू म्हटलं की नकार मिळतो.

आता "काहीच दिसंना"कडे येऊ. गावोगावी फिरलेल्या पेनड्राइव्हचा नेहमीचा आजार म्हणजे शॉर्टकट व्हायरस. तो खऱ्या फोल्डरांना 'लपलेलं' आणि 'सिस्टिमचं' अशा दोन खुणा लावतो आणि त्याच नावाचे छोटे शॉर्टकट पुढे ठेवतो. विंडोजला त्या खुणा मान्य, लिनक्सच्या 'एलएस' कमांडला त्यांचं काहीच सोयरसुतक नाही. ती सगळं मांडून दाखवते. काही व्हायरस सगळा माल बिननावाच्या दिसणाऱ्या फोल्डरात कोंबतात, तोही यादीत येतो. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस लिनक्सवर आपसूक चालतही नाही. फोल्डर कॉपी केले, की गिऱ्हाइकाचा माल सुटला! विंडोजवरही इलाज कमांडचाच आहे, 'अ‍ॅट्रिब'.

काढण्याची घाई तर सर्वांत महाग. कॉपी झाल्याचं दिसलं तरी मजकूर आधी मेमरीत थांबतो आणि सवडीने, कधी अर्ध्या मिनिटानेही, पेनड्राइव्हवर उतरतो. मध्येच उपटला किंवा लाइट गेली, की फाइल अर्धवट. 'सिंक' कमांड उरलेलं तिथल्या तिथे लिहायला लावते, 'यूमाउंट' लिहून झाल्यावर ड्राइव्ह मोकळा करते. दुसरा कुणी फाइल वापरत असेल, तर 'बिझी' म्हणून ती सरळ नकार देते.

सेवा केंद्रातल्या, अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या थंब मशीनचं प्रकरण वेगळं. 'एलएसयूएसबी'त ते दिसतं, 'एसडीबी' मात्र होत नाही, कारण ती डिस्कच नव्हे. त्याला कंपनीचा ड्रायव्हर आणि आधारची नोंदणीकृत सेवा लागते. ही सोय मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी आहे. तिथे लिनक्सचा हट्ट धरू नये.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सच्या मूळ कमांडांचे धडे मराठीतून फुकट मिळतात. काउंटरवर बसणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत. आणि गिऱ्हाइकांनीही फॉरमॅटला हो म्हणण्याआधी एवढं विचारावं : "भाऊ, दुसऱ्या पोर्टाला लावून बघितला का?"