घरातला सुतारओटा : हत्यारे किती घ्यावीत?

दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती गेल्या, रोजमेळ संगणकावर चढला आणि मोंढ्यातली सकाळची फेरी संपली, की व्यापारी घरातल्या साठीच्या माणसाला दिवस लांब वाटू लागतो. सामायिक, स्वाध्याय आणि प्रवचन यांत सकाळ निघून जाते. दुपारचे काय, हा प्रश्न उरतो. लातूर असो वा नांदेड, सैतवाळांचे घर असो वा ओसवालांचे, या प्रश्नाचे एक जुने उत्तर अंगणाच्या कोपऱ्यात किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पुन्हा सापडू लागले आहे. ते उत्तर म्हणजे सुतारकाम. एखादा पाट, पोथीसाठी सापडा, नातवासाठी लाकडी गाडा. हाताला काम आणि मनाला स्थैर्य देणारा हा छंद आहे, यात शंका नाही.

अडचण कामात नसते, खरेदीत असते. आयुष्यभर घाऊक माल घेतलेल्या माणसाला एक नग घेणे कमीपणाचे वाटते. शंभर-सव्वाशे नगांचा संच पेटीसह मिळतो, नगामागे हिशेब केला तर किंमत नगण्य दिसते, आणि पेटी घरी येते. वर्षभरानंतर उघडून पाहिले तर त्यातली सात-आठ हत्यारे वापरलेली आणि बाकीची तेलकट कागदात तशीच. दुकानात असा पडून राहिलेला माल ज्याच्या डोळ्यांना खुपतो, त्यालाच घरातला तोच माल का खुपू नये, हे कोडे आहे.

मराठीत ‘हत्यार’ हा एकच शब्द सुताराच्या पटाशीलाही लागतो आणि तलवारीलाही. श्रावकाचाराच्या ग्रंथांनीही या दोन्हींत फार अंतर ठेवलेले नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात हिंसादानाची उदाहरणे म्हणून तलवारीच्या जोडीने कुऱ्हाड आणि खणण्याचे अवजारही येते. अनर्थदंड-विरमण व्रताच्या पाच अतिचारांत उपासकदशांग ‘संयुक्ताधिकरण’ सांगते. नांगराला फाळ, उखळात मुसळ, धनुष्याला बाण असे साधन जोडून, वापरास सज्ज करून ठेवणे, असा त्याचा अर्थ टीकाकार देतात. आजच्या भाषेत सांगायचे तर पाते लावलेली विजेची करवत प्लगसह तशीच ओट्यावर सोडून जेवायला उठणे. ज्या घरात पाच वर्षांचे मूल खेळते, तिथे या अतिचाराचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्याच यादीत पुढे उपभोग-परिभोगाचा अतिरेकही आहे, म्हणजे गरजेहून अधिक साधने जमवणे. तत्त्वार्थसूत्राची परंपरा संयुक्ताधिकरणाच्या जागी ‘असमीक्ष्याधिकरण’ म्हणते. विचार न करता, प्रयोजनाहून अधिक केलेला व्यवहार.

म्हणजे शास्त्र हत्यार घेऊ नका म्हणत नाही, मोजून घ्या म्हणते. उपासकदशांगातला आनंद श्रावक काही निर्धन नव्हता. त्याचे नांगर ५०० आणि गाडे दूरच्या वाटेचे ५०० व जवळच्या वाहतुकीचे ५०० असत. परंतु त्याने ते मोजले आणि आकड्यावर व्रत घेतले. वनकर्म आणि शकटकर्म ही कर्मादाने उपजीविकेसंबंधी सांगितली आहेत, घरगुती छंदाला ती जशीच्या तशी लागू होत नाहीत; तरी लाकूड कापताना त्यामागची दृष्टी सुटू नये, इतके मानायला हरकत नाही.

आकडा किती असावा, यासाठी एक माप हाताशी आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतार आहे. पात्र ठरलेल्या कारागिराला कौशल्याची तपासणी झाल्यावर अवजारांसाठी जास्तीत जास्त १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर मिळते. शिवाय ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि पुढे २ लाखांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. ज्याचे घर हत्याराच्या धारेवर चालते, त्याच्या संचाला शासनाने १५,००० ची मर्यादा योग्य मानली. दुपारचा वेळ घालवण्यासाठी त्याहून मोठी रक्कम पहिल्याच महिन्यात खर्च होत असेल, तर कुठेतरी थांबून पाहिलेले बरे.

यादीची सुरुवात हत्यारापासून नव्हे, वस्तूपासून करावी. पहिली वस्तू बाजोट ठरली, तर बाजोटाला जे लागते तेवढेच घ्यावे. आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्याने फळी दाबून काम करी. साठीतल्या गुडघ्यांना ते जमणारे नाही. म्हणून पहिला खर्च हवा तो मजबूत ओटा आणि त्यावर बसवलेला लोखंडी शिकंजा यांवर. उभे राहून हात सैल खाली सोडला असता मनगटाची घडी जिथे येते, साधारण तितकी ओट्याची उंची असावी. उंच ओट्यावर रंधा मारला की खांदे भरून येतात. हलणाऱ्या ओट्यावर उत्तम करवतही वाकडी चालते.

त्यानंतर गुण्या. काटकोन तपासण्याचे हे साधे साधन विकत घेतानाच तपासता येते आणि कोणीही तपासत नाही. सरळ कडेच्या फळीला टेकवून एक रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर तो परत करावा. तराजूचा काटा पारखून घेणाऱ्या समाजाला हे सांगावे लागू नये. गुण्याच्या जोडीला पोलादी पट्टी, टेप आणि टोकदार पेन्सिल.

करवत एकच, बारीक दातांची. रंधा एकच, लोखंडी, ९ ते १४ इंच लांबीचा. पटाश्या तीन पुरतात : ६, १२ आणि २५ मिलिमीटर. लाकडी हातोडा, बरी हातोडी, चार क्लॅम्प, एक कानस. या सर्वांपेक्षा महत्त्वाचा नग बहुतेक खरेदीत राहूनच जातो, तो म्हणजे धार लावायचा दगड. दुकानातून आलेली नवी पटाशी फक्त घासलेली असते, धारेची नसते. एका बाजूने भरड व दुसऱ्या बाजूने बारीक असा दुहेरी दगड घेऊन पात्याची पाठ आधी सपाट करावी, मग २५ ते ३० अंशांच्या कोनात धार काढावी. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि निसटली की दुसऱ्या हातात शिरते. घरगुती सुतारकामातल्या जखमांचे मूळ धारेत नसते, धार नसण्यात असते.

विजेच्या हत्यारांपैकी ड्रिल मशीन एवढेच पहिल्या वर्षी आवश्यक म्हणता येईल. वायरचे घ्यावे की बॅटरीचे, हा प्रश्न हमखास येतो. बॅटरीचे सुटसुटीत खरे. पण एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सहसा बसत नाही, म्हणजे पहिल्या खरेदीतच पुढच्या साऱ्या खरेदीचे खाते एका पेढीशी बांधले जाते. शिवाय लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या खोलीत तिचे आयुष्य झपाट्याने घटते. महिन्यातून चार दिवस काम करणाऱ्याला वायरचे स्वस्त यंत्र अधिक वर्षे साथ देते.

एक गोष्ट मात्र घेऊच नये. फरशी कापायच्या कटरला किंवा हातातल्या ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावून काम करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतो. त्याचे संरक्षक आवरण दातेरी पात्यासाठी बनवलेले नसते आणि पुष्कळदा ते काढूनच टाकलेले असते. पाते लाकडात अडकले की यंत्र उसळून अंगावर येते. व्यवसायातली मंडळी वेळेच्या दडपणाखाली हा धोका पत्करतात. ज्याला कसलीच घाई नाही, त्याने तो पत्करण्यात काय अर्थ आहे? लाकडाच्या भुशाबाबतही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवलेली आहे. घासकाम करताना नीट बसणारा मास्क हवाच; मुखवस्त्रिकेची सवय असलेल्या घरांना त्याची अडचण वाटू नये, पण साधे कापड या बारीक धुळीला पुरत नाही.

खरेदी कुठे करावी? गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर किंवा नांदेडच्या बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानात हत्यार हातात धरून पाहता येते, मूठ तळहातात बसते की नाही ते कळते. नाशिकची टपारिया, पंजाबातले जालंधर-लुधियाना, राजस्थानातले नागौर ही आपल्या देशातल्या हातहत्यारांची परिचित नावे. मारवाडातून मराठवाड्यात आलेल्या घरांना यातले शेवटचे नाव अधिक जवळचे वाटेल. संध्याकाळी ऑनलाइन विक्रीने धंदा बुडाल्याचे सांगायचे आणि रात्री मोबाइलवरून रंधा मागवायचा, हे व्यापाऱ्याला शोभत नाही.

आणि बिल. हातहत्यारांवर व विजेच्या हत्यारांवर १८ टक्के जीएसटी लागतो. १०,००० च्या मालावर १,८०० रुपये. दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर बिल बनवून हे १,८०० इनपुट क्रेडिटमध्ये मिळवण्याचा मोह होतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक उपभोगासाठी घेतलेल्या मालावर असे क्रेडिट मिळत नाही, आणि आयकरातही घरखर्च हा धंद्याचा खर्च धरता येत नाही. छंदाचे बिल स्वतःच्या नावे, स्वतःच्या खात्यातून. अचौर्य व्रत पाळणाऱ्या घरात याहून अधिक लिहिणे नको.

लाकडाचा विचार हत्यारांइतकाच महत्त्वाचा आहे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र जवळजवळ नाहीच. नांदेडच्या उत्तरेला किनवट-माहूरचा सागवानी टापू आहे. खासगी जमिनीवरचा सागही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ खाली येतो, त्यामुळे ‘शेतातला आहे’ एवढ्या शब्दावर लाकूड घेऊ नये, कागद पाहावा. परंतु छंदासाठी ताजे झाड पाडायचेच कशाला? औसा, निलंगा, उदगीर, कंधार, देगलूर या भागांतली जुनी माळवदाची घरे आजही उतरवली जातात आणि त्यांचे खांब-तुळया वखारीत येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने या लाकडाची परीक्षा पाहिली आहे. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या, तरी ज्या खणांचे छप्पर लाकडी खांबांवर तोललेले होते त्यांतले अनेक सांगाडे उभे राहिले, असे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवले. अशा जुन्या सागाचा तुकडा वाळलेला असतो आणि त्यासाठी नव्याने कुऱ्हाड चालत नाही.

मात्र त्याचे पडिलेहण करावे. फळीखाली ताजी पिठासारखी भुकटी दिसली तर आत किडा जिवंत आहे. अशी फळी घरी आणू नये, म्हणजे विष मारण्याचा प्रसंगच येत नाही. लोहचुंबक फिरवून लपलेले खिळे शोधावेत, अन्यथा रंध्याचे पाते पहिल्याच फटक्यात तुटते. फळी काही आठवडे घरातल्या हवेत ठेवावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पावसाळ्यात फुगते. बाजोटाची फळी चहूबाजूंनी खिळवून टाकली तर ती तडकणारच.

चिकटवण्याच्या बाबतीत मागच्या पिढ्यांना एक अडचण होती. सुतार वापरत तो सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला असे, आणि तो तापवावा लागे. मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत शिपाई म्हणून काम करताना बळवंत पारेख यांनी सुतारांची ही यातायात पाहिली होती. पुढे १९५९ मध्ये त्यांच्या कंपनीने कृत्रिम रेझिनचे फेविकॉल आणले. सरसाचा प्रश्न त्यामुळे मिटला. पॉलिशचा मिटलेला नाही. स्पिरिटमध्ये केलेल्या पारंपरिक पॉलिशचा आधार लाख आहे, आणि लाख हे कीटकांपासून मिळते. लाक्षावाणिज्य हे कर्मादानांपैकी एक आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. मधमाश्यांच्या मेणाचेही तसेच. त्याऐवजी जवसाचे उकळलेले तेल घ्यावे. पातळ थर कापडाने चोळून, जास्तीचे पुसून, दोन-तीन दिवस वाळू द्यावे. सागाचा रंग सुरेख खुलतो. एक इशारा : तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. ती लगेच पाण्यात बुडवावी किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवावी.

हत्यारांच्या यादीतून वाचलेले पैसे खर्च करायला एक चांगली जागा आहे. प्लायवूडच्या तयार फर्निचरामुळे हातकाम मागे पडलेला एखादा जुना सुतार दोन्ही शहरांत अजून भेटतो. त्याला रोजाचे पूर्ण पैसे देऊन आठवड्यातून एक दुपार, असे दोन महिने शिकवायला बोलवावे. धार कशी पाहावी, रेषा कुठल्या बाजूने वळते, कुसू किती सैल ठेवावा, हे पेटीतून येत नाही. पूर्वी बलुत्यात त्याला धान्य मिळे. आता शिकवणीचे मानधन मिळावे. जैन परंपरेला लाकडाचे अप्रूप नवे नाही. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा १६व्या शतकाच्या अखेरचा सागवानी मंडप आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभा आहे, आणि तो घडवणारेही असेच कोणी सुतार होते.

शिकवणीतली पहिली वस्तू बाजोट, दुसरी सापडा. साधुसाध्वींना देण्याच्या उद्देशाने मात्र काही घडवू नये. त्यांच्यासाठी मुद्दाम केलेली वस्तू औद्देशिक ठरते आणि त्यांना ती घेता येत नाही. सापडा घरच्या पोथीसाठीच करावा. एकाच फळीतून, खिळा-बिजागरीवाचून, मधोमध एकमेकांत अडकणारी बोटे कोरून त्याची दोन पाने उघडतात. त्यासाठी पाऊण इंच जाडीची फळी, गुण्या, बारीक करवत आणि ६ मिलिमीटरची पटाशी लागते. हे सारे बाजोटाच्या वेळीच घेतलेले असते.