चिंचोक्यांचे सैन्य

मुलांनो, दिवाळी जवळ आली म्हणजे तुमच्या घरापुढे किल्ला उभा राहतो. दगड-विटांची रास रचून, तिच्यावर ओले पोते पसरून आणि चिखलाने लिंपून तुम्ही तट-बुरूज घडविता, अळीव पेरून डोंगर हिरवा करता आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागोजागी उभे करता. परंतु भाऊबीज उलटली की तो किल्ला ओस पडतो. मावळे होते तेथेच उभे राहतात. त्यांनी काय खावे, शत्रू कोणत्या वाटेने येईल आणि पाऊस आला तर तोफा कशा हलवाव्यात, याचा विचार कोणीच केलेला नसतो. हाच विचार करावयास लावणारा एक खेळ आहे. त्यास आपण ‘घरातील मोहीम’ म्हणू.

ही कल्पना नवी नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून ज्याचे नाव पडले, तो चतुरंग आपल्याच देशातला. बुद्धिबळ त्यातूनच निपजले. युरोपात प्रशिया देशातील रायस्विट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर ठोकळे मांडून लढाई खेळण्याचे नियम प्रसिद्ध केले, आणि ते तेथील अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग बनले. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ मुलांच्या खोलीत आणला. लष्करी अधिकारी आजही वाळूत भूप्रदेशाची प्रतिकृती रचून आपल्या योजना तपासून पाहतात.

लढाई आणि मोहीम यांतील भेद मात्र आधी ध्यानी घेतला पाहिजे. लढाई एका दिवसात संपते. मोहीम अनेक दिवस चालते. लढाईत शौर्य दिसते. मोहिमेत धान्य, पाणी, वाटा आणि हवामान यांचा हिशेब दिसतो. हा हिशेब समजण्यास आमच्या नगर तालुक्यातील भातवडीच्या लढाईसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

ती हकीकत अशी. १६२४ साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने विजापूरवर चाल केली होती. तेव्हा आदिलशाही आणि मोगल या दोन्ही फौजा एक होऊन त्याच्यावर चालून आल्या. अंबर मागे हटत हटत आपल्या मुलखात आला आणि भातवडीच्या तलावाजवळ त्याने तळ दिला. तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूच्या वाटेवर चिखल माजविला. त्यातच पाऊस लागला. शत्रूच्या तळावर रात्री छापे पडू लागले, त्याची रसद तुटली, आणि उपाशी शिपाई छावणी सोडून जाऊ लागले. शेवटी युद्ध झाले, तेव्हा मोठी फौज आधीच खचली होती. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. छत्रपती शिवाजी महाराजांचे पिताश्री शहाजीराजे अंबराच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी मात्र या युद्धात कामी आले.

गतवर्षी दिवाळीनंतर सावेडीतील आमच्या घराच्या गच्चीवर आम्ही ही मोहीम मांडली. साहित्य सारे घरचेच. खडूने आठ घरे लांब आणि आठ घरे रुंद असा पट आखला. एक घर म्हणजे दोन कोस. निळ्या खडूने तलाव आणि त्याखालचा ओढा काढला. चिंचोके हे सैन्य, हरभरे हे धान्य, आणि काड्यापेटीची रिकामी खोकी हे रसदेचे गाडे. नातीने अंबराची बाजू घेतली, धाकट्या नातवाने शत्रूची. मी पंच झालो. दोघांनी आपापले हुकूम चिठ्ठीवर लिहून गुपचूप माझ्या हाती द्यावयाचे, आणि मी ते एकाच वेळी उघडावयाचे, असे ठरले. खऱ्या सेनापतीला शत्रूचा बेत कोठे ठाऊक असतो?

नियम थोडेच होते. पायदळ आणि गाडे दिवसाला एक घर चालतील, घोडदळ दोन घरे. रोज सकाळी फासा टाकावा; पाच किंवा सहा पडले तर पाऊस. चिखलात घोडदळाची चाल निम्मी, पायदळ एक दिवसाआड एक घर, आणि गाडे मुळीच हलणार नाहीत. प्रत्येक चिंचोका रोज एक हरभरा खाईल. धान्य संपले तर उपासाच्या प्रत्येक दिवशी पाच चिंचोके पळून जातील. युद्ध जुंपले म्हणजे समोरासमोरच्या चिंचोक्यांनी फासा टाकावा. मोठे दान जिंकेल, आणि चिखलात उभा असेल त्याच्या दानातून एक वजा होईल.

नातवाकडे वीस चिंचोके आणि १२० हरभरे होते. नातीकडे दहा चिंचोके आणि १०० हरभरे. नातू आनंदाने टाळ्या पिटू लागला. त्याने पहिल्या दिवसापासून सरळ तलावाची वाट धरली. रोज वीस हरभरे कमी होत होते, तिकडे त्याचे लक्ष नव्हते. तिसऱ्या रात्री नातीच्या घोडदळाने त्याच्या गाड्यांवर छापा घालून वीस हरभरे पळविले. चौथ्या दिवशी तिची चिठ्ठी उघडली, तीत ‘तलाव फोडावा’ एवढेच शब्द होते. ओढ्याकाठची चार घरे चिखलाची झाली आणि गाडे जागीच रुतले. पाचव्या दिवशी नातवाची हरभऱ्यांची वाटी रिकामी झाली. सहाव्या दिवशी पाच चिंचोके गेले, सातव्या दिवशी आणखी पाच. एकही फासा युद्धासाठी पडला नव्हता, तरी वीसांचे दहा झाले होते! नातीजवळ मात्र अजून पन्नास हरभरे शिल्लक होते.

त्यानंतर झालेले युद्ध नातू हरला. तो रुसून म्हणाला, “आजोबा, तुमचे नियमच खोटे. माझे सैन्य दुप्पट होते.” मी म्हणालो, “मग उद्या बाजू बदलून खेळा.” दुसऱ्या दिवशी मोठे सैन्य नातीकडे गेले. तिने घाई केली नाही. गाड्यांभोवती घोडदळाचा पहारा ठेवला, तलाव टाळून लांबची वाट घेतली, आणि तो डाव बरोबरीत सुटला. आदल्या दिवशी सैन्य थोडे पडले नव्हते, धान्य थोडे पडले होते, हे नातवाला तेव्हा उमगले.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. चिंचोका म्हणजे शिपाई नव्हे आणि आपले नियम म्हणजे इतिहास नव्हे. ते आपले तर्क आहेत. पुस्तकात वेगळे काही वाचावयास मिळाले तर नियम बदलावा आणि पुन्हा खेळावे. खेळापायी पुस्तक उघडावेसे वाटले, तर खेळ सार्थकी लागला असे समजावे.

पहिल्या दिवसाची एक गोष्ट सांगावयाची राहिली. शरीफजींसाठी आम्ही मातीचा एक घोडेस्वार ठेवला होता. युद्धात त्याच्या नावाने फासा टाकावा आणि एक पडला तर तो पडला असे धरावे, असा नियम होता. नात जिंकली, पण त्या फाशावर एकच पडला. तिने तो घोडेस्वार उचलला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला. मग विचारले, “आजोबा, उद्या हा पुन्हा उभा राहील ना?”

“पटावर राहील, बाळ,” मी म्हणालो.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे भातवडीस गेलो. तलाव पाहिला, आणि शरीफजींच्या समाधीपाशी थोडा वेळ उभे राहिलो. नातवाने खिशातून मूठभर चिंचोके काढले, त्यांकडे पाहिले आणि न बोलता पुन्हा खिशात ठेवले.

मुलांनो, चांदबिबीने १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यात लढविलेला किल्ला आमच्या शहरात आजही उभा आहे. तुमच्या गावाजवळही एखादा गड, एखादी खिंड, एखादे रणक्षेत्र असेलच. यंदाचा किल्ला मोडण्यापूर्वी त्या जागेचा नकाशा अंगणात आखा, आणि मावळे उभे करण्याआधी हरभरे मोजून घ्या.