खरखर बरी की शांतता?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा परवानाधारक हौशी बिनतारीवाले, म्हणजे हॅम, निरोप पोहोचवायला लातूर जिल्ह्यात धावले. त्यांच्या संचांत आवाज जसाच्या तसा लहरींवर स्वार होई. आताचे डिजिटल संच तो आकड्यांत मोडतात. डीएमआर पद्धतीत बोलण्याच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम २४५० बिट येतात; सीडीवर चौदा लाखांहून अधिक! म्हणून आवाज स्वच्छ, पण डब्यातून आल्यासारखा.

दोन्ही पद्धती पकडणारा, हातात मावणारा स्कॅनर घेऊन मी नांदेडहून लोह्याच्या रस्त्याने निघालो. गच्चीवरून हॅम मित्र आकडे वाचत होता, आळीपाळीने जुन्या व डिजिटल पद्धतीने. शहरात डिजिटल सरस. पुढे जुन्यात खरखर वाढली, तरी ‘सात’ की ‘आठ’ कळत होते. डिजिटलमध्ये चुका सुधारणारे जादा बिट असतात. ते अपुरे पडताच शब्द तुटले, मग सारे गप्प. खरखर ऐकून माणूस निदान उंचावर तरी चढतो. शांतता ऐकली की त्याला वाटते, कोणी बोलतच नाही.

म्हणून संच निवडताना दुकानात नव्हे, गावाच्या वेशीबाहेर ऐकून पाहा. अर्थात परवाना आधी!