डिझायनरला स्प्रिंटमध्ये बसवायचं कसं?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यातल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सात-आठ जणांची टीम असते. चार-पाच डेव्हलपर, एक टेस्टर, काय आधी करायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर आणि एक डिझायनर. हा डिझायनर बहुतेक वेळा आणखी दोन प्रकल्पांत अडकलेला असतो. स्क्रीन तयार झाल्या की त्याला हाक मारतात, ‘‘जरा चांगलं दिसेल असं करून दे ना.’’ घोळ इथूनच सुरू होतो.

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. अजाईल म्हणजे मोठं काम छोट्या तुकड्यांत करायचं, प्रत्येक तुकडा दाखवायचा आणि लोक काय म्हणतात ते पाहून पुढचा ठरवायचा. एका तुकड्याची मुदत, साधारण दोन आठवडे, तिला स्प्रिंट म्हणतात. यूएक्स डिझाइन म्हणजे वापरणाऱ्याला काय हवंय आणि तो कुठे अडतो, हे पाहून केलेली आखणी. रंग आणि बटणं त्यात शेवटी येतात.

अजाईल आणि यूएक्स यांचं जमायला वेळ लागला, त्याला कारण आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे जमलेल्या १७ जणांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. ही मंडळी बहुतेक प्रोग्रॅमिंगच्या बाजूची होती. डिझायनरने टीममध्ये कुठे बसायचं, याबद्दल त्यात एक ओळही नाही. ती जागा प्रत्येक टीमला आपली आपण ठरवावी लागते.

उदाहरण आपल्या रोजच्या विषयाचं घेऊ. समजा, नळाला पाणी कधी येणार हे सांगणारं ॲप करायचं आहे. आपल्या शहराला जायकवाडी धरणातून पाणी मिळतं, पण नळाला ते रोज येत नाही. पाण्याचा दिवस कोणता, यावर अनेक घरांतलं धुणं, पाहुणे आणि सुट्टीसुद्धा ठरते.

पहिली पायरी कोड लिहिण्याआधीची. एक-दोन आठवडे राखून ठेवा आणि पाच-सहा घरी जाऊन या. सिडको, गारखेडा, गुलमंडी, हर्सूल असे वेगवेगळे भाग निवडा. डिझायनरला एकट्याला पाठवू नका, सोबत एक डेव्हलपर हवाच. आपण पाहिलेली अडचण डेव्हलपर विसरत नाही. दुसऱ्याने अहवालात लिहिलेली मात्र तो उघडूनही पाहत नाही.

अशा भेटीत काय हाती लागतं? टीमने ऑफिसात बसून ठरवलेलं असतं की वापरणारा यादीतून आपला झोन क्रमांक निवडेल. घरी गेल्यावर कळतं की झोन क्रमांक कुणाला ठाऊकच नसतो. लोक सांगतात, ‘‘आम्हाला एन-५ च्या टाकीवरून येतं,’’ किंवा, ‘‘अमक्या मंदिरामागची गल्ली.’’ आणि खरा प्रश्न वेळापत्रकाचा नसतोच. आज सुटणार का, आणि रात्री दोनला उठून मोटार लावायची का, एवढंच त्यांना हवं असतं. पहिल्या स्क्रीनवर काय असावं, हे इथे ठरलं.

दुसरी पायरी कागदाची. जे कळलं त्यावरून चार-पाच स्क्रीन पेन्सिलने काढा आणि सगळ्या टीमने त्याभोवती बसा. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरात सुबक चित्र आधीच काढलं की लोक रंगावर बोलतात. कागदावर असलं की मुद्द्यावर बोलतात. ‘‘उद्याचं पाणी कुठून कळणार? ही माहिती देणार कोण?’’ हे डेव्हलपरचे प्रश्न याच बैठकीत निघाले तर पुढचा महिना वाचतो.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घसरण्याची जागाही हीच. टोरांटोच्या एलियस कंपनीत लिन मिलर आणि देझिरे साय या डिझायनरांनी एक पद्धत बसवली. साय यांनी २००७ मध्ये त्यावर लेख लिहिला. या पद्धतीत डिझायनर एक स्प्रिंट पुढे चालतो. टीम तिसऱ्या स्प्रिंटचं काम करत असते, तेव्हा डिझायनर चौथ्याच्या स्क्रीन काढतो, दुसऱ्यात तयार झालेलं लोकांच्या हातात देऊन तपासतो आणि पाचव्यासाठी माहिती गोळा करतो. शिवाय चालू स्प्रिंटमधल्या डेव्हलपरच्या शंका असतातच.

वाचतानाच दमायला होतं ना? म्हणून तीन प्रकल्पांत वाटलेल्या डिझायनरकडून हे होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तो फार तर चालू स्प्रिंटच्या स्क्रीन पुरवतो. सोमवारी नियोजन, बुधवारपर्यंत चित्र नाही, गुरुवारी डेव्हलपर खोळंबलेला. माणूस कमी असेल तर प्रकल्प कमी करा. तेही शक्य नसेल तर निदान आठवड्यातले ठरावीक दिवस एकाच टीमला बांधून द्या.

उलट टोकही पाहायला मिळतं. डिझायनर चार स्प्रिंट पुढे निघून जातो, सगळ्या स्क्रीन काढून मोकळा होतो. दरम्यान दुसऱ्या स्प्रिंटमध्ये काहीतरी बदलतं आणि त्याचं निम्मं काम वाया जातं. एक पाऊल पुढे, फार तर दोन. रोजच्या सकाळच्या उभ्या बैठकीला तो हजर असला की हे अंतर आपोआप सांभाळलं जातं.

चौथी पायरी म्हणजे काम ‘झालं’ कधी म्हणायचं ते ठरवणं. डेव्हलपरच्या लेखी कोड चालला की झालं. ‘झालं’ म्हणण्याच्या अटींच्या यादीत डिझायनरच्या अटीही लिहून घ्या. नेट नसेल तेव्हा स्क्रीनवर काय दिसेल? माहितीच आली नसेल तर काय लिहायचं? आणि आपल्याकडे नेहमी राहून जाणारी गोष्ट, मराठी मजकूर. इंग्रजीत ‘टाइमटेबल’ एका ओळीत बसतं; ‘पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक’ बटणाबाहेर जातं. ओळींमधली जागा इंग्रजीच्या मापाने ठेवली असेल तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. शहागंजात ॲप वापरणाऱ्याला उर्दू हवी असेल, तर सगळी मांडणीच उजवीकडून डावीकडे फिरते. हे शेवटच्या आठवड्यात आठवलं तर काम दुप्पट होतं. म्हणून खरा मराठी मजकूर पहिल्या स्क्रीनपासून घाला, नमुन्याचा इंग्रजी नको.

पाचवी पायरी चाचणी. जेकब नीलसन या अमेरिकेत काम करणाऱ्या तज्ज्ञाने २००० मध्ये सांगितलं की पाच जणांवर चाचणी केली तरी बहुतेक ठळक चुका सापडतात; पंधरा जण एकदाच गाठण्यापेक्षा पाच-पाच जण पुन:पुन्हा गाठा. स्प्रिंटच्या चालीला हे नेमकं जुळतं.

करायचं कसं? समोरच्याच्या हाती फोन द्या आणि म्हणा, ‘‘काकू, उद्या पाणी येणार का ते बघा बरं.’’ मग गप्प बसा. तोंडून ‘‘तिथे वर दाबा’’ निघालं की चाचणी संपली. काकू बोट कुठे थांबवतात, काय मोठ्याने वाचतात, कंटाळून फोन कधी परत करतात, ते टिपून ठेवा. ‘‘आवडलं का?’’ असं विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही.

सापडलेल्या चुकांचं पुढे काय होतं, तिथे एक मोठी गळती आहे. या चुका डिझायनरच्या वहीतच राहतात. त्याच दिवशी बॅकलॉगमध्ये, म्हणजे टीमच्या कामांच्या यादीत, त्या चढवा आणि प्रत्येकीला क्रम द्या. प्रॉडक्ट ओनरने चूक मागे टाकली तरी चालेल, पण ती त्याने पाहून टाकलेली असावी.

हे सगळं करून उपयोग होतो का, असं मॅनेजर विचारणारच. मुंबईच्या आयआयटीत अनिरुद्ध जोशी आणि एन. एल. सारडा यांनी याच प्रश्नावर काम केलं. डिझाइनची कामं विकासाच्या प्रक्रियेत किती मिसळली आहेत यासाठी एक मोजमाप, आणि वापराची ठरवलेली उद्दिष्टं किती गाठली यासाठी दुसरं. उद्योगातल्या प्रत्यक्ष प्रकल्पांना ही मापं लावली, तेव्हा मिसळण जास्त तिथे उद्दिष्टंही जास्त गाठलेली दिसली. २०१० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. आपल्या टीमला एवढं गणित नको. ‘दहा सेकंदांत पाण्याचा दिवस कळला पाहिजे’ असं एक उद्दिष्ट सुरुवातीला लिहा आणि दर चाचणीला घड्याळ लावा.

डेडलाइन जवळ आली की सगळ्यात आधी कात्री लागते ती घरभेटींना आणि चाचणीला, कारण त्या कुठल्याच यादीत लिहिलेल्या नसतात. तेव्हा येत्या नियोजनाच्या बैठकीत त्यांचं स्वतंत्र काम लिहा, त्यापुढे तारीख आणि जाणाऱ्या दोघांची नावं टाका, आणि त्यातलं एक नाव डेव्हलपरचं असू द्या.