पहिली बारी कुणाची? थिएटरचा मॅनेजर कार्यक्रमाची पारख कशी करतो

मंडळी, आजचा विषय रंगमंचाचा आहे, पण सुरुवात आपण कुस्तीपासून करू. कारण कोल्हापुरात बसून बोलतोय, आणि ही गोष्ट इथल्या माणसाला कुस्तीवरून लगेच कळते.

खासबाग मैदानात लवकर जाऊन बसलात तर काय दिसतं? आधी लहान पोरांच्या कुस्त्या. मग जरा तयारीचे जोड. आणि पहिल्या नंबरची कुस्ती? ती शेवटी. नाव पहिल्या नंबरचं, जागा शेवटची. का, ते सांगायला नको. ती आधी लावली तर तासाभरात मैदान मोकळं होईल. म्हणजे जोड ठरवणारा माणूस दोन प्रश्न वेगवेगळे ठेवतो. पैलवान किती दमाचा, हा एक. त्याची कुस्ती कधी लावायची, हा दुसरा.

याच मैदानाला लागून शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं. १९१५ साली ते सुरू झालं. १९५७ पासून आपण त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. त्याच काळात न्यूयॉर्कमध्येही एक पॅलेस थिएटर होतं, १९१३ साली सुरू झालेलं. दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही, नाव तेवढं सारखं. पण तिथं जे चालायचं ते समजून घेतलं की आपल्याकडचा मॅनेजर काय करत होता हे जास्त स्पष्ट दिसतं.

न्यूयॉर्कच्या त्या थिएटरात चालायचं व्हॉडव्हिल. व्हॉडव्हिल म्हणजे काय? एका तिकिटात आठ-नऊ कार्यक्रम, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. कसरतवाले, गाणारं जोडपं, छोटी नाटिका, जादूगार, शिकवलेली कुत्री, विनोद सांगणारा. सलग गोष्ट नाही. मग प्रेक्षकाला तीन तास खुर्चीत धरून ठेवतं कोण? क्रम. आणि क्रम लावायचा तर आधी प्रत्येक कार्यक्रमाची पारख हवी.

ही पारख लिहून ठेवायची शिस्त कीथ नावाच्या कंपनीनं पाडली. बी. एफ. कीथ बॉस्टनचे. त्यांचा आणि त्यांचे साथीदार ई. एफ. अल्बी यांचा थिएटरांचा मोठा गोतावळा होता. आठवड्याच्या सुरुवातीला नवा कार्यक्रम लागला की त्या त्या गावचा मॅनेजर तो बघायचा आणि लगेच अहवाल पाठवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या या अहवालांच्या वह्या आज आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

या अहवालात काय असायचं? आपल्या भाषेत सांगायचं तर चार रकाने. पहिला, वेळ: किती मिनिटं. दुसरा, जागा: पुढच्या पडद्यासमोरच्या अरुंद पट्टीत उरकतो, की सगळा रंगमंच लागतो. तिसरा, प्रेक्षक: कुठे हसले, कुठे गप्प बसले, टाळी कधी आली. चौथा, दाम: जे पैसे देतोय त्याला हा माल उतरतो का. शिवाय एखादं वाक्य कुटुंबासमोर बोलण्याजोगं नसेल तर ते काढायला लावलं, हीही नोंद.

यातला जागेचा रकाना आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण सगळी मेख तिथेच आहे. मागे मोठी मांडणी चालली असेल तर पुढच्या पट्टीत कुणीतरी बोलत राहायला हवं. म्हणून एखादा साधा विनोदवीर मॅनेजरला सोन्यासारखा. तो नुसता हसवत नाही, मागच्या हातोड्यांचा आवाजही झाकतो.

न्यूयॉर्कच्या पॅलेसचे कार्यक्रम लावणारे जॉर्ज गॉटलिब यांनी नऊ कार्यक्रमांचा क्रम कसा बसवायचा ते सांगितलंय. ब्रेट पेज यांच्या १९१५ च्या पुस्तकात ते आहे. सुरुवात बिनबोलाच्या कार्यक्रमानं. का? लोक अजून येतायत, खुर्च्या वाजतायत, बोललेलं ऐकू कुणाला जाणार? दुसऱ्या जागी गाणं, तिसऱ्या जागी नाटिका, मग मोठी नावं. मध्यंतरानंतरची जागा अवघड, कारण लोक चहापाण्यात विखुरलेले असतात. सगळ्यांत मोठा कलावंत आठवा, म्हणजे शेवटून दुसरा. आणि शेवटी पुन्हा डोळ्यांना दिसणारा कार्यक्रम, कारण काही लोक उठायला लागलेले असतात.

इथे कुस्ती आणि व्हॉडव्हिल वेगळे पडतात. कुस्तीत मोठी जोड अगदी शेवटी चालते, कारण निकाल लागल्याशिवाय कोणी हलत नाही. गाण्याला निकाल नसतो. म्हणून तिथे मोठं नाव एक पायरी अलीकडे.

आता आपल्याकडे येऊ. व्हॉडव्हिलला सगळ्यांत जवळचा आपला प्रकार कोणता? संगीत नाटक नव्हे, त्यात गोष्ट आहे. जवळचा प्रकार म्हणजे संगीत बारी. नावातच बघा ना: बारी म्हणजे पाळी. इंग्लंडच्या म्युझिक हॉलमध्येही कार्यक्रमाला पाळी याच अर्थाचा ‘टर्न’ शब्द होता. एका थिएटरात अनेक पार्ट्या, प्रत्येक पार्टीची एक मालकीण, तिच्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाया, पेटी, तबला, ढोलकी. एकीची बारी संपली की दुसरीची. तिकिटाच्या पैशात थिएटरमालकाचा वाटा. आणि प्रेक्षक खूश झाला की दौलतजादा.

दौलतजादा म्हणजे प्रेक्षकानं स्वतःच लिहिलेला अहवाल. कुठल्या लावणीवर हात खिशात गेला, हे मालकाला विचारावं लागत नाही, दिसतं. पण या मापाची एक खोट आहे. ते पुढच्या रांगेतल्या चार पैसेवाल्यांची आवड मोजतं. मागे बसून मान डोलावणाऱ्याची नोंद त्यात नाही. ज्या बाईचा गळा उत्तम पण वय उतरलं, तिची किंमत या हिशेबात रोज घटत जाते.

ढोलकीफडाचा तमाशा याहून निराळा. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग, हा क्रम परंपरेनंच बांधून दिलाय. पण त्या क्रमातही तीच अक्कल आहे. गणात लोक जागेवर बसतात. गौळणीत मावशी येते आणि हशा पिकतो, म्हणजे प्रेक्षक एकत्र येतो. एकदा तो बांधला गेला की लांबलचक वग चालतो. गावाकडच्या रात्री वग पहाटेपर्यंत चालू शकत होता, कारण लांबून आलेला माणूस उजाडेपर्यंत जाणार तरी कुठे? न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला शेवटची गाडी गाठायची होती. क्रम हा असा वाहनाच्या वेळेवरूनही ठरतो, नुसत्या कलेवरून नाही.

या फडांची पारख कोण करतं? पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पंच तिथे येतात, फिरतात, सुपारी ठरवतात. म्हणजे इथे मॅनेजर एक माणूस नसून अख्खं गाव आहे. पंच विचारतात: माणसं किती, वग कोणता, गेल्या साली कुठल्या यात्रेत झालात? खेळ बघायच्या आधीच तो पारखायचा असतो. म्हणून नाव आणि तोंडी कीर्ती यांना फार मोल.

संगीत नाटकात ही पारख माणसाची असायची. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले आणि किर्लोस्कर मंडळीत मोठी पोकळी पडली. १९०५ साली नारायण राजहंस मंडळीत आले, म्हणजे आपले बालगंधर्व. त्यांना शाहू महाराजांनी कानाच्या उपचारासाठी मिरजेला धाडलं होतं, हे आपल्याकडे अजून सांगतात. आता व्यवस्थापकाच्या जागी बसून बघा. समोर गोड गळ्याचा, देखणा मुलगा आहे, आणि कानाचं दुखणं आहे. चार रकान्यांच्या वहीत त्याला कुठं बसवाल? तिथे धोका पत्करला गेला, म्हणून पुढचा इतिहास झाला.

इथे आपण मुद्द्याशी येतो. मॅनेजरची वही खोटी नसते. ती एका रात्रीची, एका गावची, एका गल्ल्याची खरी असते. एका गावात पडलेला कार्यक्रम दुसऱ्या गावात रंगतो. पहिल्या जागी लावलेला विनोदवीर पडला तर दोष विनोदाचा की जागेचा? चांगला मॅनेजर कार्यक्रम बाद करण्याआधी तो हलवून बघतो. वाईट मॅनेजर सरळ शेरा मारतो. आणि काही शेरे कलेवरचे नसतातच. व्हॉडव्हिलमध्ये एका खेळात सहसा एकापेक्षा जास्त कृष्णवर्णीय कार्यक्रम घेत नसत. आपल्याकडे महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी तमाशा उभा केला, पण प्रतिष्ठित रंगमंचाच्या यादीत त्यांना जागा मिळायला किती काळ गेला, हे आपण जाणतो. क्रम लावणारा नुसता करमणूक लावत नसतो. कुणाला कुठं उभं करायचं, तेही तो ठरवत असतो.

हे आत्ता सांगायचं कारण आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं नाट्यगृह जळलं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. वास्तू पुन्हा उभी करायचं काम हाती घेतलं गेलं, ते व्हायलाच हवं. पण भिंती आणि खुर्च्या म्हणजे नाट्यगृह नव्हे. त्या रंगमंचावर कुणाची बारी लागणार, हाही प्रश्न तेवढाच मोठा. नुसता गल्ला बघितला तर ठरावीक चार नावं फिरत राहतील. नुसती प्रतिष्ठा बघितली तर खुर्च्या रिकाम्या राहतील.

खासबागेतल्या माणसाला हे कळतं. तो आधी लहान पोरांच्या कुस्त्या लावतो. त्यातून गल्ला येत नाही, त्यातून उद्याचा पैलवान येतो. नव्या नाट्यगृहाच्या वहीत तेवढा एक रकाना जास्त आखायला हवा: आज नवीन कुणाला संधी दिली. आणि तो आखून घ्यायचं काम आपलं, तिकीट काढणाऱ्यांचं आहे.