आई ‘चीप’ नव्हे, ‘थ्रिफ्टी’!

मुलाखतीत घरच्यांविषयी बोलताना इंग्रजी विशेषण पारखून घ्या. ‘चीप’ म्हणजे स्वस्त. पण माणसाला लावले की अर्थ होतो कंजूष किंवा हलक्या वृत्तीचा. तुटपुंज्या पगारात घर चालवून तुमची फी भरणारी आई ‘थ्रिफ्टी’ असते, म्हणजे काटकसरी. कमी इंधनात डाळ शिजवणारा तिचा कुकर ‘इकॉनॉमिकल’. शेवटचा ‘अल’ काढला की होते ‘इकॉनॉमिक’, म्हणजे अर्थव्यवहाराविषयीचे. बाबासाहेबांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात मांडला तो प्रश्न ‘इकॉनॉमिक’ होता. शब्द चुकला की गुणाचा दोष होतो. कष्टकरी आईला तिच्या मोलाचाच शब्द द्या.