मूल ‘दृश्य’ की ‘श्राव्य’? प्रश्नच चुकलाय

शास्त्री आणि सोनवी या नद्या संगमेश्वरात एकत्र येतात आणि पुढे शास्त्री जयगडच्या खाडीतून समुद्राला मिळते. भूगोलाच्या तासाला उगम, संगम, खाडी शिकवायला याहून सोयीचं गाव मिळणं कठीण. इथल्या शाळेत हा पाठ घ्यायचा तर गुरुजी काय करतील? फळ्यावर दोन रेघा ओढून एकमेकींना मिळवतील, पाऊस नसेल तर मुलांना पुलापर्यंत नेतील, मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडतील. वर्गातला कोण ‘पाहून शिकणारा’ आणि कोण ‘ऐकून शिकणारा’ याची यादी करून निम्म्यांना नकाशा आणि निम्म्यांना नुसतं भाषण, असं काही ते करणार नाहीत. करूही नये. संगम समजायला नकाशा लागतो, मग मूल कुठलंही असो.

शिक्षणाच्या जगात मात्र बरोबर उलटी समजूत घट्ट बसली आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची एक ठरलेली शैली असते, ती ओळखून तसं शिकवलं की मूल झपाट्याने शिकतं, असं ही समजूत सांगते. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी सहकाऱ्यासह १९९२ मध्ये मांडलेली ‘व्हार्क’ ही वर्गवारी त्यात सर्वांत गाजली: पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि हाताने करून बघणारे. पुढे शैलींचं इतकं पीक आलं की २००४ मध्ये फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली तेव्हा तब्बल ७१ वेगवेगळ्या मांडण्या सापडल्या. २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ९० टक्क्यांहून अधिक शिक्षकांनी हे खरं असल्याचं सांगितलं.

ही समजूत तपासायची कशी? आधी मुलांना प्रश्नावली देऊन ‘पाहणारे’ आणि ‘ऐकणारे’ असे गट पाडायचे. मग प्रत्येक गटाचे चिठ्ठ्या टाकून पुन्हा दोन भाग करायचे. एका भागाला पाठ चित्रांतून शिकवायचा, दुसऱ्याला तोच पाठ बोलून. शेवटी सगळ्यांना एकच पेपर. समजूत खरी असेल तर पाहणारे चित्रांच्या वर्गात पुढे जातील आणि ऐकणारे भाषणाच्या वर्गात. दोन्ही गट चित्रांच्याच वर्गात पुढे गेले, तर श्रेय चित्रांचं. शैलीचा त्यात काही हात नाही. हॅरोल्ड पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये ही कसोटी लावून उपलब्ध संशोधन चाळलं. कसोटीत बसणारे प्रयोगच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि त्यांतल्या काहींचा निकाल समजुतीच्या विरुद्ध होता. पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. स्वतःच्या ‘शैली’प्रमाणे अभ्यास करणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त गुण पडले नव्हते.

कारण फार गूढ नाही. आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्याला व्हिडिओ आवडतो म्हणून व्हिडिओतून त्याला जास्त कळतं असं होत नाही. शिवाय शाळेत शिकलेलं बहुतेक सगळं मेंदू अर्थाच्या रूपात जपतो. तो अर्थ कानावाटे आला की डोळ्यांवाटे, याला पुढे फारसं महत्त्व उरत नाही. शब्दाला नेमकं चित्र जोडलं तर मात्र आठवण पक्की होते, आणि हा फायदा सगळ्यांनाच होतो. कॅनडाचे अॅलन पैव्हिओ यांनी हे १९७० च्या दशकातच मांडलं होतं. आपल्याकडे गणपतीत जाखडी नाचणारी पोरं बघा. गाणं, ताल आणि पावलं ती एकदमच उचलतात. त्यांतला कानाने शिकणारा कोण आणि पायाने शिकणारा कोण, हे त्यांच्या बुवालाही सांगता येणार नाही.

या समजुतीचा धंदाही झाला आहे. बोटांचे ठसे घेऊन ‘तुमचं मूल इतके टक्के दृश्य, इतके टक्के श्राव्य’ असा रंगीत अहवाल पालकांच्या हातात ठेवणारे आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलेत. या ठसे-चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलेलं आहे. अहवालाच्या पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच. ‘मी वाचून शिकणारी नाहीच,’ असं सहावीतल्या मुलीने एकदा मनाशी धरलं की पुस्तक मिटलंच.

मग सगळी मुलं सारखीच का? मुळीच नाही. त्यांच्यातला खरा फरक असतो तो आधी काय येतं याचा. एकाला हातच्याची वजाबाकी येते, दुसऱ्याचं अजून दशक-एककाचं जमलेलं नाही. एकाच्या घरी पुस्तकी मराठी चालते, दुसरा संगमेश्वरी बोलीत वाढलेला, आणि गणित येत असूनही उदाहरणातल्या भाषेला अडखळणारा. हा फरक प्रश्नावलीतून कळत नाही, वहीत दिसतो.

तंत्रज्ञानाचं मोलही इथेच ठरतं. महाराष्ट्राने या बाबतीत देशाला वाट दाखवली, हे सांगायला संकोच नको. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला, तो पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आला आणि २०२० मध्ये डिसले गुरुजींना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका घराघरांत पोचली. पण कोड स्कॅन केला म्हणजे पाठ कळला, असं नव्हे. कोकणात तर आषाढात लाईट गेली की पडदा काळा, आणि रेंज सड्यावर चढल्याशिवाय नाही, अशी गावं अजून आहेत.

यंत्र आहे, लाईटही आहे, पुढे काय? अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी गुजरातमधल्या ज्ञानशाळांत गणिताच्या संगणक कार्यक्रमाचा अभ्यास केला. शिक्षिकेच्या तासाऐवजी संगणक दिला तिथे मुलं मागे पडली. शाळा सुटल्यावर, शिकवलेल्याची उजळणी म्हणून दिला तिथे पुढे गेली. संगणक तोच होता. दिल्लीतल्या ‘माइंडस्पार्क’ या कार्यक्रमाचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याला धरूनच आहेत. तिथलं सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता विचारत नाही. त्याचं गणित कुठे अडलंय ते शोधून तिथूनच प्रश्न देतं. गणितात आणि हिंदीत मुलांनी साडेचार महिन्यांत चांगली मजल मारली.

संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यांवरच्या दोनशिक्षकी शाळांना हे जास्त लागू पडतं. पट घटलेला, पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या. चौथीला भागाकार शिकवताना तिसरीने करायचं काय? इथे एखादा टॅब्लेट कामाला येतो, पण त्यावर मुलांनी उत्तरं द्यायची असतील तरच. नुसतं बघत बसायचं असेल तर पोरं गप्प राहतील, एवढंच.

उत्तर स्वतः आठवण्याला इतकं महत्त्व का, ते हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिक यांनी २००६ मध्ये दाखवलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्केच आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आपल्या घरांतून दिवेलागणीला परवचा म्हणायची रीत होती, तिचं बळ यातच आहे. पाठांतराची थट्टा करताना आपण हा भागही टाकून दिला. अर्थ न कळता घोकणं वाईटच, पण अर्थ कळल्यावर न बघता म्हणणं हा उत्तम अभ्यास आहे, आणि त्याला कुठलंही उपकरण लागत नाही.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ‘डिजिटल वर्गा’चा विषय आला, की विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारा: यात मुलं स्वतः काय करणार, आणि कुठल्या मुलाचं कुठे अडलंय ते बाईंना कळणार का? आणि बोटांचे ठसे घ्यायला कुणी आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.